घोट्याखालचा तिरंदाज

माझे मामा माणसाला पायांवरून ओळखतात. त्यात कौतुकापेक्षा पंचाईतच जास्त. एकदा माझे वडील दवाखान्यात होते. मामा भेटायला गेले आणि शेजारच्या खाटेवरच्या भलत्याच गृहस्थाचा हात हातात घेऊन दहा मिनिटं त्याला धीर देत बसले. वडील गळ्यापर्यंत पांघरूण घेऊन गंमत बघत होते. शेवटी त्यांनी कूस बदलली, पायावरचं पांघरूण सरकलं, तेव्हा मामा दचकून उठले आणि म्हणाले, “अहो भावोजी, तुम्ही इथे होय?” वडिलांनी ही हकीकत पुढे येईल त्या पाहुण्याला सांगितली. तो भलता गृहस्थ मात्र बरा झाल्यावर पत्ता शोधत मामांच्या घरी आभार मानायला आला. मामांनी दार उघडलं, खाली पाहिलं, आणि त्यालाही ओळखलं नाही.

मामा कलबुतं करतात. कलबूत म्हणजे बूट शिवताना आत घालतात तो लाकडी पाय. त्याच्यावर कातडं ताणायचं, ठोकायचं, आणि बूट तयार झाला की पाय बाहेर काढून घ्यायचा. चाळीस वर्षं मामांनी दुसरं काही केलेलं नाही. घराच्या खालच्या खोलीत त्यांचं काम चालतं. तिथे चारही भिंतींना फळ्या आहेत आणि फळ्यांवर गावभरचे पाय जोडीजोडीने उभे आहेत. प्रत्येकाला सुतळीने चिठ्ठी बांधलेली: ‘बँकेतले उंच’, ‘वकीलसाहेब, डावा रुंद’, ‘वकीलसाहेबांच्या बाई, सांगतात त्याहून एक नंबर मोठा’. हल्ली सगळे तयार बूट घेतात. ज्यांचे पाय कंपनीच्या डोक्यात शिरले नाहीत, तेवढे लोक मामांकडे येतात.

मी नोकरीसाठी या गावात आले तेव्हापासून मामा-मामींकडेच वरच्या खोलीत राहते. त्यामुळे पुढचं सगळं मी जवळून पाहिलेलं आहे.

दातांचे डॉक्टर एकदा मामांकडे माप द्यायला आले. त्यांचे तळवे सपाट, त्यामुळे कुठलाही बूट त्यांना पंधरा दिवसांत शत्रू होतो. हे डॉक्टर गावातल्या पारंपरिक तिरंदाजी मंडळाचे सेक्रेटरी. मंडळात जेमतेम बारा माणसं, पण तोरा बाराशे माणसांचा. धनुष्य लाकडाचंच हवं, बाणाला पिसंच हवीत, चाकं आणि दुर्बिणी लावलेली धनुष्यं म्हणजे स्वयंपाकघरातली यंत्रं, असं त्यांचं मत. दर रविवारी सकाळी लाकडाच्या वखारीमागच्या मोकळ्या मैदानात ही मंडळी गवताच्या गठ्ठ्यांवर बाण मारतात.

अशा या मंडळाची वार्षिक ढाल म्हणजे पत्र्याचा एक कप होता आणि त्या कपावर फुटबॉल खेळणारा माणूस होता. दुकानात तिरंदाज मिळाला नव्हता. सहा वर्षं तिरंदाजीच्या विजेत्याने फुटबॉलवाला घरी नेला. शेवटी त्याचा चेंडू निखळला आणि तो नुसताच हवेत लाथ मारत राहिला, तेव्हा डॉक्टरांना ते बघवेना.

माप देताना त्यांची नजर फळ्यांवरून फिरत होती. इतके हुबेहूब पाय पाहून त्यांनी विचारलं, की अख्खा माणूस करता येईल का? हातभर उंचीचा, धनुष्य ताणून उभा असलेला तिरंदाज, लाकडाचा, हाताने कोरलेला. स्पर्धा तीन आठवड्यांवर आली आहे.

मामा होय म्हणाले. लाकडाचं काम आणि येत नाही म्हणायचं, हे त्यांच्या जिभेला ठाऊकच नव्हतं.

डॉक्टर गेल्यावर मामी आतून आल्या. मामी शाळेत गणित शिकवतात. घरात कुठलीही गोष्ट सिद्ध झाल्याशिवाय त्या मान्य करत नाहीत.

“अहो, घोट्याच्या वर तुम्हाला काय येतं?” त्यांनी विचारलं.

मामा म्हणाले, की घोट्याच्या वर पोटरी असते. त्याच्या वर गुडघा. पुढचंही सगळं ओळीनेच असणार.

त्या रविवारी मामा वही-पेन्सिल घेऊन मैदानावर गेले आणि मलाही बरोबर नेलं. मंडळी रांगेत उभी होती. अध्यक्ष म्हणजे निवृत्त मोजणीदार. जन्मभर जमिनी मोजल्यामुळे स्वतःही पट्टीसारखे सरळ. त्यांच्या शेजारी बेकरीवाले, अंगाने गोल, आवाजाने त्याहून गोल. आणि कडेला शिंपीणबाई, कमी बोलणाऱ्या. त्या चार वर्षं मंडळात होत्या आणि या चार वर्षांत त्यांचा बाण तीनदा लक्ष्याला लागला होता. त्यातलं एक लक्ष्य दुसऱ्याचं होतं.

मामा दोन तास स्टुलावर बसून भराभरा रेखाटत होते. घरी येऊन मी वही उघडली. चौदा चित्रं होती आणि चौदाही पायांची.

“मामा, हात?” मी म्हटलं.

“होते ना,” मामा म्हणाले. “हात सगळ्यांना होते.”

पण त्या दोन तासांत त्यांनी एक गोष्ट टिपली होती. पुढच्या रविवारी ते सरळ शिंपीणबाईंकडे गेले आणि म्हणाले, बाण सोडायच्या आधी तुम्ही बुटाच्या आत बोटं आवळता, त्याने अंग पुढे झुकतं. शिंपीणबाईंनी त्यांच्याकडे असं पाहिलं, की मी दोन पावलं मागे झाले. बंद बुटातली आपली बोटं कुणी परक्याने पाहावीत हे कोणालाही आवडण्यासारखं नाही. पण थोड्या वेळाने त्यांनी बूट काढले, मोजे काढले, अनवाणी उभ्या राहिल्या आणि बाण मारला. तो गठ्ठ्यात घुसला. दुसराही घुसला. तिसराही घुसला तेव्हा बाकीच्यांनी आपली धनुष्यं खाली केली.

मग काय, प्रत्येक जण आपले पाय मामांना दाखवायला लागला. त्यातच मंडळाचं जुनं दुखणं वर आलं. उभं कसं राहावं यावरून मंडळात दोन तट होते. अध्यक्षांचं म्हणणं, दोन्ही पावलं रेल्वेच्या रुळांसारखी समांतर हवीत. बेकरीवाल्यांचं म्हणणं, पुढचं पाऊल लक्ष्याकडे जरा वळलेलं हवं. नियमांच्या पुस्तकात ‘योग्य रीतीने उभे राहावे’ एवढंच लिहिलं होतं, आणि त्या ‘योग्य’वर दोन्ही बाजूंनी वर्षानुवर्षं काथ्याकूट चालला होता. त्यांनी मामांना मत विचारलं. मामा म्हणाले, ज्याचा पाय जसा तसा तो उभा राहणार. अध्यक्षांनी बेकरीवाल्यांकडे पाहून मान हलवली. बेकरीवाल्यांनी अध्यक्षांकडे पाहून मान हलवली. दोघांनाही आपण जिंकलो असं वाटलं.

इकडे खालच्या खोलीत अक्रोडाचा चांगला ठोकळा आला होता. मामांनी काम पायांपासून सुरू केलं. कोरणारा माणूस आधी सगळ्या आकृतीचा अंदाज घेतो, मग हळूहळू बारीक कामाला लागतो, हे मीसुद्धा कुठेतरी वाचलं होतं. मामांना तेवढा धीर कुठला? चार दिवसांत पाय तयार झाले. काय पाय होते ते! अनवाणी, बोटांनी जमीन धरलेले, टाचेच्या वर शीर ताणलेली. अंगठ्याखाली माती किंचित दबलेली. मी हात लावून पाहिला, तर थंड लागला याचं आश्चर्य वाटलं.

मग मामा घोट्याच्या वर गेले.

पहिल्या आठवड्यात गुडघे झाले. ते पुढे वाकलेत की मागे, हे बघणाऱ्याच्या मनावर होतं. त्यावर छाती आली, ती पाण्याच्या टाकीसारखी. धनुष्य धरलेला हात लाकडाच्या शिरांना आडवा येत होता. पटाशी जरा जास्त लागली आणि तो खांद्यापासून निघून मामांच्या मांडीवर पडला. मामांनी सरसाने चिकटवला. तो दुसऱ्या दिवशी पुन्हा पडला. तेव्हा मामा म्हणाले, हा तिरंदाज बाण सोडून झाल्यावर विसावलेला दाखवू, हात खाली घेऊ. मग तो हात खाली घेतला, पण खालच्या हाताला लाकूडच उरलं नव्हतं, म्हणून तो कोपरापाशी संपला.

डोक्याची कथा आणखी वाईट. नाक डावीकडे गेलं म्हणून उजवीकडून छाटलं. मग उजवीकडे गेलं म्हणून डावीकडून. असं करत करत संत्र्याएवढं डोकं सुपारीवर आलं. मी संध्याकाळी ऑफिसमधून आले की आधी खाली डोकावायचे. रोज तो माणूस कालच्यापेक्षा थोडा कमी असायचा.  जेवताना मामा समोरच्याच्या चेहऱ्याकडे टक लावून बघायचे. मामींनी सांगितलं, की तीस वर्षांत त्यांनी पहिल्यांदाच आपल्या बायकोचं नाक पाहिलं असावं, आणि ते काही प्रेमाने नाही.

स्पर्धेला तीन दिवस राहिले. सुट्टीची दुपार होती. मी आणि मामी वर बसलो होतो आणि खालून करवतीचा आवाज आला. चांगला लांब, सावकाश, ठरवून केलेला आवाज. थोड्या वेळाने मामा अंगावर भुसा घेऊन वर आले आणि त्यांनी मेजावर लाकडी बैठकीवरची दोन पावलं ठेवली. घोट्याच्या जरा वर, गुळगुळीत कापलेली. बाकीचा तिरंदाज गेला होता.

मामींनी ती पावलं नीट पाहिली. चष्मा लावून पुन्हा पाहिली. एकदा मामांकडेही पाहिलं. मग म्हणाल्या, “बरं झालं. तो गृहस्थ मला पहिल्यापासून पटत नव्हता.”

स्पर्धेच्या सकाळी मैदानावर खुर्च्या मांडल्या होत्या. मेजावर मामांनीच कापड झाकून नवी ढाल आणून ठेवली होती. मामा खुर्चीच्या अगदी कडेला बसले होते. तिथून पळून जाता आलं असतं. सगळे बारा जण जमले. डॉक्टरांनी दोन शब्द सांगितले: आपलं मंडळ, लाकडाची परंपरा, पत्र्याच्या कपाचा कलंक. आणि कापड ओढलं.

 अध्यक्षांनी मेजाच्या मागे जाऊन पाहिलं. मग मेजाच्या खाली वाकूनही पाहिलं.

“बाकीचा कुठे आहे?” त्यांनी विचारलं.

डॉक्टरांचा चेहरा असा झाला, की जणू त्यांचाच दात काढायचा होता. मामा उठले. मला वाटलं, आता काहीतरी सारवासारव करतील, कलेचं वगैरे बोलतील. पण मामांना तसलं काही येत नाही.

“बाकीचा जमला नाही,” ते म्हणाले. “जेवढं जमलं तेवढं आणलंय.”

 मग एकेक जण जवळ येऊन बघू लागला. बघता बघता लोक खाली वाकले. कोणी बोट फिरवलं. कोणी म्हणालं, यात माणूस उभा आहे असं वाटतं हो. डॉक्टरांना जरा श्वास घेता आला.

तेवढ्यात अध्यक्षांनी खिशातून कोनमापक काढलं. मोजणीदाराच्या खिशात ते असतंच.

“पुढचं पाऊल तिरपं आहे,” त्यांनी जाहीर केलं.

बेकरीवाल्यांनी टाळी वाजवली. झालं. गेल्या कित्येक वर्षांचं भांडण मेजाभोवती गोळा झालं. बेकरीवाले म्हणाले, की लाकूड खोटं बोलत नाही. अध्यक्ष म्हणाले, की अशा वाकड्या पावलासाठी मी बाण मारणार नाही. बेकरीवाल्यांनी पुढे जाऊन असाही दावा केला, की हे पाय मुळात त्यांचेच आहेत. मामांनी मैदानावर त्यांचंच चित्र काढलं होतं, म्हणे. पुरावा म्हणून त्यांनी तिथल्या तिथे बूट-मोजा काढून पाय खुर्चीवर ठेवला. अध्यक्षांनीही टाच आपल्यासारखी असल्याचं सांगितलं, फक्त दिशा चुकली आहे, म्हणे.

मग शिंपीणबाई पुढे आल्या. त्यांनी वाकून पाहिलं आणि म्हणाल्या, “हे बाईमाणसाचे पाय आहेत. दुसरं बोट अंगठ्यापेक्षा लांब आहे.”

सगळे थांबले. आणि मला दिसलं, की माझ्या शेजारी बसलेल्या मामींनी आपले चपलेतले पाय हळूच खुर्चीखाली ओढून घेतले. फार हळू नाही. बारा तिरंदाजांच्या नजरा एकदम खुर्चीखाली गेल्या. नेम धरायची सवय असलेली माणसं ती.

मामी लालबुंद झाल्या. मामा स्वतःच्या चपलांकडे बघत होते.

“चार माणसांत माझे पाय मांडून ठेवलेत तुम्ही,” मामी हलक्या आवाजात म्हणाल्या.

“अगं, उभं राहणं म्हटलं की मला तूच आठवतेस,” मामा म्हणाले. “फळ्यापाशी अशीच उभी असतेस. एक हात वर, पुढचं पाऊल जरा वळलेलं.”

तेव्हा कळलं, की पाऊल कुठल्याही तटाचं नव्हतं. ते तीस वर्षं खडू धरून फळ्यावर लिहिणाऱ्या बाईचं होतं.  मामींनी चष्मा काढून पुसला आणि तो पुसायला नेहमीपेक्षा बराच वेळ लावला.

एवढ्यावर भांडण मिटायला हवं होतं, पण अध्यक्ष हटेनात. शाळेतल्या फळ्यासाठी ठीक आहे, म्हणाले, पण मंडळाच्या ढालीवर तिरपं पाऊल म्हणजे मंडळाने तिरपं मान्य केल्यासारखं आहे. डॉक्टर मामांना विनवायला लागले, की एवढं पाऊल सरळ करता येईल का? बेकरीवाले म्हणाले, सरळ केलंत तर आम्ही सहा जण चाललो घरी.

मामांनी दोघांचं ऐकून घेतलं. मग मला बाजूला घेऊन सांगितलं, की घरी जा आणि बारीक करवत, गिरमिट आणि कानस घेऊन ये. घर दहा मिनिटांवर होतं. मी धावतच गेले. परत आले तेव्हा डॉक्टरांनी कशीबशी स्पर्धा सुरू करून दिली होती आणि मामा मेज घेऊन रांगेच्या मागे झाडाखाली बसले होते.

त्यांनी पुढचं पाऊल बुडाशी कापायला घेतलं. करवत कुरकुरायला लागली. मंडळींनी धनुष्य ताणायचं आणि मागून कर्र कर्र आवाज यायचा. अध्यक्षांचा पहिला बाण गवतात गेला. त्यांनी वळून नापसंती दाखवली. बेकरीवाल्यांचं लक्ष करवतीकडे कमी आणि अध्यक्षांच्या पायांकडे जास्त होतं. अध्यक्षांचं बेकरीवाल्यांच्या. दोघेही एकमेकांना आपलं उभं राहणं दाखवायच्या नादात लक्ष्य विसरून गेले. बाकीचे आपापल्या पुढाऱ्याचे पाय बघत होते. मैदानात बाण कमी आणि कटाक्ष जास्त सुटत होते.

फक्त शिंपीणबाईंना कशाचाच त्रास नव्हता. दिवसभर शिलाई मशीनच्या खडखडाटात बसणाऱ्या बाईला करवत ती काय? अनवाणी उभ्या राहून त्या एकामागून एक बाण मारत राहिल्या. त्यांचे सगळेच बाण मधोमध लागले असं नाही, पण सगळे गठ्ठ्याला लागले. त्या दिवशी तेवढं पुरेसं होतं. शिंपीणबाई पहिल्या आल्या.

तोवर मामांचं काम झालं होतं. पावलाखाली त्यांनी लाकडाची खुंटी बसवली होती आणि बैठकीत तिच्या मापाचं भोक पाडलं होतं. पाऊल आता हाताने फिरवता येत होतं, घट्ट पण सरकणारं. मामांनी सगळ्यांना सांगितलं, की जो जिंकेल त्याने पाऊल आपल्या पद्धतीने लावून घ्यावं. वर्षभर ते तसंच राहील. पुढच्या वर्षी दुसरा जिंकला तर त्याने फिरवावं.

अध्यक्षांना हे पटलं. बेकरीवाल्यांनाही पटलं. इतक्या वर्षांत दोघांना एकाच वेळी काही पटल्याची ही पहिली वेळ, असं डॉक्टर नंतर सांगत होते. मग सगळे शिंपीणबाईंकडे वळले. त्या कशा उभ्या राहतात हे आजवर कोणी नीट पाहिलंच नव्हतं. पाहणार कशाला?

शिंपीणबाई पुढे झाल्या आणि त्यांनी पाऊल आत वळवलं. अंगठा मागच्या पायाकडे. शिलाई मशीनची पायपट्टी हलवून हलवून त्यांचा पाय तसाच पडायचा.

दोन्ही तटांच्या तोंडून एकदम ‘अं’ असा आवाज निघाला. समांतरवाल्यांना ते पाप वाटलं आणि तिरपेवाल्यांना महापाप. पण नियम आत्ताच सगळ्यांनी मान्य केला होता.

मामी उठून मेजापाशी गेल्या. त्यांनी वाकून ते आत वळलेलं पाऊल पाहिलं.

“घ्या,” त्या म्हणाल्या. “मुरगाळला माझा पाय.”

पहिल्यांदा अध्यक्ष हसले. खरंच, त्यांनीच सुरुवात केली. मग कोणाला आवरेना.

ती ढाल वर्षभर शिंपीणबाईंच्या दुकानात काचेमागे राहिली. गिऱ्हाईकं विचारायची, की तुम्ही आता पायमोजेही शिवता का? पुढच्या वर्षी अध्यक्ष जिंकले आणि त्यांनी गुण्या, म्हणजे सुताराची काटकोनी पट्टी, लावून पाऊल समांतर केलं. त्याला चाळीस मिनिटं लागली. त्यानंतर बेकरीवाले, मग पुन्हा शिंपीणबाई, मग पुन्हा अध्यक्ष. नियमांच्या पुस्तकातलं उभं राहण्याबद्दलचं वाक्य एकमताने काढून टाकण्यात आलं. मामांना मंडळाने सभासद करून घेतलं. त्यांनी आजवर पाच बाण मारले आहेत. सगळे त्यांच्या पुढ्यात, दहा पावलांच्या आत पडले, कारण सोडताना ते खाली बघतात. मामी दर वर्षी बक्षीस समारंभाला जातात, पण बंद बूट घालून, नाडी दोनदा बांधून.

गेल्या वर्षी आठवडाभर हवा दमट होती. बेकरीवाले जिंकले आणि पाऊल फिरवायला गेले, तर ते हलेना. खुंटी फुगली होती. त्यांनी जोर लावला, डॉक्टरांनी लावला. अध्यक्ष म्हणाले, की समांतरच राहू दे, देवाचीच इच्छा दिसते. मामांनी सगळ्यांना बाजूला केलं, खिशातून मेणबत्तीचा तुकडा काढला, भोकाच्या कडेने मेण घासलं आणि मामींना बैठक घट्ट धरायला सांगितली. मामींनी दोन्ही हातांनी धरली. मामांनी पावलाला तळहात लावला आणि एखाद्या दुखऱ्या पायाला लावावा तसा हळूहळू जोर दिला. आधी काहीच झालं नाही. मग आत कुठेतरी कट्‌ असा आवाज झाला. सगळे दचकले. मामांनी पाऊल उचलून खुंटी तपासली, बोटं एकेक करून मोजली आणि काही तुटलेलं नाही म्हणून सांगितलं. बेकरीवाल्यांनी पाऊल हवं तेवढं वळवून घेतलं. मग चहा आला आणि सगळे खुर्च्या ओढून प्यायला बसले.